कोच कोण, हा तिसरा प्रश्न

तुझ्या वयाचा मुलगा माझ्या घरात आहे, म्हणून थेट अरे-तुरे करते. राग मानू नकोस.

तुझं लांबलचक पत्र आधी थोडक्यात मांडते. तू पुण्याहून एमएस करायला अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात आलास. आल्यावर कळलं की इथला फुटबॉल बहुतेक वेळ हातानेच खेळतात, आणि आता दर शनिवारी तूही जर्सी घालून स्टेडियममध्ये ओरडतोस. गेल्या रविवारी विद्यापीठाने कोचला काढलं. त्या दिवसापासून तुझे तिघे रूममेट एकमेकांशी धड बोलत नाहीत. एकाला विद्यापीठाचाच वीस वर्षांपूर्वीचा लाडका क्वार्टरबॅक (चेंडू फेकत खेळ चालवणारा खेळाडू) कोच म्हणून हवाय, दुसऱ्याला एनएफएलमधलं, म्हणजे इथल्या व्यावसायिक लीगमधलं, मोठं नाव, तिसऱ्याला दुसऱ्या विद्यापीठातला पस्तिशीचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे आक्रमणाची आखणी करणारा सहायक कोच. तुझे मुख्य प्रश्न दोन: तिघांत बरोबर कोण? आणि काढलेल्या कोचला कोट्यवधी डॉलर देणाऱ्या विद्यापीठाने याच सत्रात तुझी असिस्टंटशिप (विभागात काम करून मिळणारं मानधन) अर्ध्यावर का आणली?

विद्यापीठाचं नाव लिहिलं नाहीस, बरं केलंस. मीही माझ्या जागेचं नाव सांगणार नाही. एकोणीस वर्षं मी इथल्या विद्यापीठांच्या ॲथलेटिक्स विभागात करार आणि बजेटचं टेबल सांभाळतेय. कोच आणण्याच्या कामात चार वेळा होते, काढण्याच्या कामात दोन वेळा. डावपेच मला तुझ्या रूममेटांपेक्षा कमीच कळत असतील. पण कोण का आला, कितीला आला आणि जाताना काय उधारी ठेवून गेला, हे मी कागदाकागदाने पाहिलंय. आणि मूळची मी कोल्हापूरची. शाहू स्टेडियमवर तालमींच्या, पायाने खेळायच्या फुटबॉलच्या मॅचला वडिलांच्या खांद्यावर बसून गेलेली. पेठ हरली की घरात दोन दिवस जेवणाला चव नसायची. त्यामुळे तुझ्या रूममेटांना मी हसणार नाही.

आधी ‘कोच’ या शब्दाचा घोळ सोडवू. आपल्याला क्रिकेटचा कोच माहीत असतो. संघ निवड समिती देते, मैदानावर कर्णधार ठरवतो, कोच नेट्समध्ये आणि प्रेससमोर. इथला हेड कोच म्हणजे निवड समिती, कर्णधार, कारखान्याचा मॅनेजर आणि वर्गणी गोळा करणारा अध्यक्ष, सगळं एकातच. १०५ पोरांचा संघ, डझनभर सहायक कोच, त्यांच्याखाली ॲनालिस्ट, आहारतज्ज्ञ, ट्रेनर. सोळा-सतरा वर्षांच्या पोराच्या घरी जाऊन त्याच्या आईच्या हातचं जेवायचं आणि ‘तुमचा मुलगा आमच्याकडे द्या’ म्हणायचं, हेही त्याचंच काम. बहुतेक राज्यांत सरकारी नोकरांत सर्वांत जास्त पगार गव्हर्नरला नसतो, फुटबॉल नाही तर बास्केटबॉलच्या कोचला असतो. त्यात २०२१पासून खेळाडूंना आपल्या नावावर पैसे कमावता येतात आणि एक वर्ष बाहेर न बसता कॉलेज बदलता येतं. जुलै २०२५पासून तर विद्यापीठंच खेळाडूंना पैसे देतात, पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा सगळे खेळ मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. म्हणजे दर जानेवारीत अर्धा संघ नव्याने बांधायचा.

म्हणून ‘कोण?’ हा माझ्या टेबलावर तिसरा प्रश्न असतो. त्याआधी दोन येतात: ही नोकरी नक्की काय आहे, आणि हो कोण म्हणेल, तेही कधी. चाहते तिसऱ्यापासून सुरू करतात. खरं सांगायचं तर कित्येक विद्यापीठांचे अध्यक्षही.

पहिल्या प्रश्नासाठी नेब्रास्का विद्यापीठाचं उदाहरण घेते. कारण तुझ्या तिन्ही रूममेटांच्या मनातला माणूस त्यांनी वीस वर्षांत एकेकदा आणून पाहिलाय, आणखी दोन प्रकारांसकट. जेमतेम वीस लाख लोकवस्तीचं राज्य, एनएफएलचा संघ नाही, आणि लिंकन शहरातल्या विद्यापीठाच्या मेमोरियल स्टेडियमची तिकिटं १९६२पासून प्रत्येक सामन्याला संपलेली. टॉम ऑसबॉर्न यांनी १९७३ ते १९९७ अशी पंचवीस वर्षं तिथे कोच म्हणून काढली. एकाही हंगामात नऊपेक्षा कमी विजय नाहीत, १९९४, १९९५ आणि १९९७ला राष्ट्रीय अजिंक्यपद. पण पहिलं अजिंक्यपद बाविसाव्या हंगामात आलं, आणि पहिली पाच वर्षं कट्टर प्रतिस्पर्धी ओक्लाहोमासमोर हे गृहस्थ सलग हरत होते. आजच्या चाहत्यांनी १९७६लाच त्यांचं सामान बांधून दिलं असतं.

त्यांच्यानंतर त्यांचेच जुने सहायक फ्रँक सोलिच आले. २००१च्या संघाला त्यांनी अजिंक्यपदाच्या सामन्यापर्यंत नेलं. २००३मध्ये नऊ विजय, तीन पराभव असताना त्यांना काढलं. कारण एवढंच की नऊ-तीन म्हणजे आमची पातळी नव्हे. आणि काढलं तेव्हा हातात दुसरं नाव नव्हतं! सुमारे चाळीस दिवस शोध चालला. स्थळं बघायला निघाले आणि एकेका घरून नकार. मधला बोल सामना, म्हणजे हंगामाअखेरचा मानाचा निमंत्रणाचा सामना, हंगामी कोच म्हणून बो पेलिनी यांनी जिंकून दिला, तरी जानेवारी २००४मध्ये आले ते एनएफएलच्या ओकलंड रेडर्सचे बिल कॅलाहन. हा तुझ्या दुसऱ्या रूममेटचा माणूस. पिढ्यान्‌पिढ्या धावून खेळणाऱ्या संघाला त्यांनी पासिंगचा, म्हणजे चेंडू फेकून पुढे जाण्याचा, खेळ शिकवायला घेतला. पहिल्याच वर्षी पाच विजय, सहा पराभव. विजयांपेक्षा पराभव जास्त असा १९६१नंतरचा पहिला हंगाम, आणि पस्तीस वर्षं सलग बोल सामने खेळण्याची मालिका तुटली. चार वर्षांत २७ विजय, २२ पराभव.

मग पेलिनींनाच हेड कोच म्हणून परत बोलावलं. तोवर ते दुसऱ्या विद्यापीठात बचावाचे डोकेबाज कोऑर्डिनेटर होते, म्हणजे तुझ्या तिसऱ्या रूममेटच्या प्रकारातले. सात वर्षं, प्रत्येक वर्षी किमान नऊ विजय. २०१४ला त्यांनाही काढलं. त्यांच्या जागी माइक रायली, अनुभवी, सज्जन, सगळ्यांना हवेहवेसे. तीन वर्षांत १९ विजय, १९ पराभव. इतका समतोल हिशेब माझ्या बजेटमध्येही कधी जमला नाही.

आणि मग डिसेंबर २०१७मध्ये स्कॉट फ्रॉस्ट आले. हा तुझ्या पहिल्या रूममेटचा माणूस, आणि तोही सगळ्यांत चोख अवतारात. १९९७च्या अजिंक्य संघाचा क्वार्टरबॅक, नेब्रास्काचाच मुलगा, आणि नुसतं घरचं नाव नव्हे: सेंट्रल फ्लोरिडाचा २०१५मध्ये शून्य-बारा झालेला संघ त्याने दोन वर्षांत तेरा-शून्यवर नेला होता. त्या दिवशी आमच्या ऑफिसात सगळे म्हणाले, यापेक्षा चांगली निवड होऊच शकत नाही. मीही म्हणाले. निकाल? १६ विजय, ३१ पराभव, एकही बोल सामना नाही. २०२१ला तीन-नऊ, आणि ते नऊच्या नऊ पराभव दहापेक्षा कमी गुणांच्या फरकाने. गंमत म्हणजे त्या हंगामात त्यांनी एकूण गुण प्रतिस्पर्ध्यांपेक्षा जास्त केले होते. तेव्हा मी घरी ठणकावून सांगितलं होतं की हे नशीब आहे, पुढच्या वर्षी फिरेल. फिरलं नाही. सप्टेंबर २०२२मध्ये जॉर्जिया सदर्नसारख्या छोट्या संघाकडून घरच्या मैदानावर हरले आणि दुसऱ्याच दिवशी फ्रॉस्ट बाहेर. १ ऑक्टोबरपर्यंत थांबले असते तर द्यायची रक्कम दीड कोटी डॉलरवरून निम्म्यावर आली असती. तीन आठवडे! मी त्या टेबलावर असते तर रात्रभर झोपले नसते. पण मैदानातले ऐंशी-नव्वद हजार लोक तीन आठवडे धीर धरायला तयार नव्हते, हाही हिशेबच.

पाच प्रकार सांगितले ते एकाला चांगलं, दुसऱ्याला वाईट ठरवायला नाहीत. मला त्यातून वेगळीच गोष्ट दिसते. ऑसबॉर्नच्या काळातली नेब्रास्काची नोकरी आणि नंतरची नोकरी, नाव एकच, काम वेगळं. तेव्हा शिष्यवृत्त्यांची मर्यादा सैल होती, वेटट्रेनिंगमध्ये ते इतरांच्या कितीतरी पुढे होते, टीव्हीवर मोजकेच संघ दिसायचे. पुढे ८५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा आली, प्रत्येक विद्यापीठाने तालीम बांधली, प्रत्येक सामना टीव्हीवर आला. २०११मध्ये बिग ट्वेल्व हा विद्यापीठांचा गट सोडून बिग टेन या गटात गेल्यावर टेक्सासच्या पोरांशी असलेला जुना धागाही सैल झाला. विद्यापीठ मात्र नवा कोच शोधताना जुन्या नोकरीसाठीच माणूस शोधत राहिलं. आता मॅट रूल आहेत. टेंपल विद्यापीठात पहिल्या वर्षी दोन-दहा, बेलर विद्यापीठात एक-अकरा, आणि दोन्हीकडे तिसऱ्या वर्षी दहा किंवा जास्त विजय मिळवणारा माणूस. म्हणजे मोडकं घर बांधणारा गवंडी. नेब्रास्कात पहिल्या वर्षी पाच-सात, दुसऱ्या वर्षी सात-सहा आणि आठ वर्षांनी बोल सामना. मला वाटतं, या वेळी निदान नोकरीचं वर्णन तरी खरं लिहिलं होतं.

नोकरी बदलली की तोच माणूस कसा बदलतो, याचं आणखी एक उदाहरण डोक्यात राहू दे. डिसेंबर २००६मध्ये अलाबामाने वेस्ट व्हर्जिनियाच्या रिच रॉड्रिगेझ यांना बोलावलं. ते नाही म्हणाले. मग अलाबामाने निक सेबन यांना आणलं. पहिल्या हंगामात सात-सहा, लुइझियाना-मन्रोसारख्या संघाकडून घरी हार, आणि पुढे सहा अजिंक्यपदं. रॉड्रिगेझ वर्षभराने मिशिगनला गेले. वेस्ट व्हर्जिनियात जो वेगवान खेळ त्यांनी फुलवला, तोच मिशिगनच्या धिप्पाड, संथ खेळासाठी निवडलेल्या पोरांकडून करून घ्यायला गेले. तीन वर्षांत १५ विजय, २२ पराभव. त्यांची अक्कल वाटेत कुठे सांडली नव्हती.

तर रूममेटांना आधी विचार: आपल्या विद्यापीठाचा परिसर किती खेळाडू पिकवतो? देणगीदार किती जणांचे पगार भागवू शकतात? आधीच्या कोचने कोणत्या पद्धतीची पोरं गोळा करून ठेवलीत? याची उत्तरं न देता नाव घेणं म्हणजे पत्रिका, घर, गाव काही न बघता फोटोवरून लग्न ठरवणं.

दुसरा प्रश्न घड्याळाचा आणि पैशाचा. यावर मी जरा जास्त बोलेन, कारण माझं मीठ-भाकर तिथलंय.

नियमित हंगाम नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी संपतो. शाळकरी खेळाडूंच्या सह्यांचा पहिला मोठा दिवस डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. त्यानंतर जानेवारीत ट्रान्स्फर पोर्टल उघडतं, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदणी. कोच नसेल तर येणारी पोरं हात आखडता घेतात आणि असलेली पोरं बॅगा भरतात. पेन स्टेटने १२ ऑक्टोबर २०२५ला जेम्स फ्रँकलिन यांना काढलं, प्लेऑफच्या (अजिंक्यपदाच्या बाद सामन्यांच्या) उपांत्य फेरीनंतर नऊ-दहा महिन्यांत. सह्यांचा दिवस ३ डिसेंबरला उजाडला तेव्हाही नवा कोच ठरला नव्हता, आणि सह्या झाल्या जेमतेम दोन पोरांच्या. नंतर आयोवा स्टेटचे मॅट कॅम्पबेल आले. चांगला माणूस मिळाला, माझं मत विचारशील तर फारच चांगला, पण मधल्या आठवड्यांची किंमत त्यालाच फेडावी लागणार. म्हणून अनुभवी ॲथलेटिक डायरेक्टरच्या, म्हणजे विद्यापीठाच्या क्रीडा विभागप्रमुखाच्या, खणात चार-पाच नावांचा कागद कायम असतो, कोच जिंकत असला तरी. बेइमानी वाटेल, पण ते त्याचं काम आहे.

आता बायआउट. काही वर्षं कराराची उरलेली असताना, कसूर नसताना काढलं तर उरलेल्या पगाराचा ठरलेला भाग द्यावा लागतो. रक्कम मोठी का? कारण करार होतो तेव्हा कोचला मागणी असते. जिंकत असतो, दुसरं विद्यापीठ डोळा ठेवून असतं, एजंट फोनवर असतो, आणि अध्यक्षाला वाटतं हा गेला तर लोक मला जाळतील. सही होते. तीन वर्षांनी तेच लोक त्याला काढा म्हणून ओरडतात. टेक्सास ए अँड एमने जिंबो फिशर यांना नोव्हेंबर २०२३मध्ये काढलं तेव्हा देणं सुमारे ७ कोटी ६० लाख डॉलर होतं. एलएसयूने (लुइझियाना स्टेट विद्यापीठाने) ऑक्टोबर २०२५मध्ये ब्रायन केली यांना काढलं, ते सुमारे ५ कोटी ४० लाखांचं प्रकरण.

पण करारात एक छोटं कलम असतं. काढलेल्या कोचने दुसरं काम शोधलं पाहिजे आणि नव्या पगाराएवढी रक्कम जुन्या देण्यातून वजा झाली पाहिजे. फिशर यांच्या करारात ते नव्हतं. फ्रँकलिन यांच्या बाबतीत ते होतं. सुरुवातीचा आकडा होता सुमारे ४ कोटी ९० लाख, पण महिनाभरात त्यांना व्हर्जिनिया टेकची नोकरी मिळाली आणि प्रकरण सुमारे ९० लाखांवर मिटलं. एका परिच्छेदाची किंमत बघ. तुझं विद्यापीठ सरकारी आहे, त्यामुळे कोचचा करार बहुधा मागितल्यावर मिळेल. नाव कोणतंही येवो, तू तो करार वाच: किती वर्षं, कमी होत जाणारी रक्कम कोणत्या तारखेला कमी होते, आणि हे वजावटीचं कलम आहे की नाही. स्टेडियममधल्या हजारातल्या एकानेही तो वाचलेला नसतो.

आणि ज्यांच्यावर कुणीच वाद घालत नाही ते सहायक कोच. मोठा साहेब कोटी घेऊन जातो. त्याच्याबरोबर डझनभर घरांचा मुक्काम हलतो. त्यांचे करार एक-दोन वर्षांचे. डिसेंबरमध्ये या सहायकांच्या बायका, मुलांची शाळा बदलायच्या धावपळीत, मला फोन करून विचारतात, विमा किती तारखेपर्यंत आहे? या कामातला मला न आवडणारा भाग हा.

आता माझ्या टेबलावरचा तिसरा प्रश्न, म्हणजे तुझ्या रूममेटांचा पहिला. माणूस कसा ओळखायचा?

माझ्या हिशेबात सगळ्यांत कामाची कसोटी अशी: तो जिथे होता तिथे त्याच्या आधी काय होतं, तो गेल्यावर काय राहिलं. नुसती जिंकण्याची टक्केवारी बघू नये. भरल्या दुकानाच्या गल्ल्यावर कुणीही बसतो. पण ही कसोटीही दगा देते. सेंट्रल फ्लोरिडात फ्रॉस्टच्या आधी शून्य-बारा होते, हे खरं. त्याच्यानंतर जॉश ह्यूपेल आले आणि पहिल्या वर्षी बारा-एक. म्हणजे तिथे उत्तम खेळाडू जमले होते आणि जागा मुळात सुपीक होती. हे आम्ही २०१७ला बघू शकत नव्हतो, ते पुढे घडायचं होतं. तोच ह्यूपेल २०२२मध्ये टेनेसीला अकरा-दोनवर घेऊन गेला आणि २००६नंतर पहिल्यांदा अलाबामाला हरवलं. मागे वळून बघता सगळंच सोपं दिसतं.

आणि कर्ट सिग्नेटी. २०२३च्या नोव्हेंबरात इंडियाना विद्यापीठाने या बासष्ट वर्षांच्या गृहस्थाला नेमलं. शतकभर हरण्यात नाव काढलेला कार्यक्रम. चाहत्यांच्या कुठल्याही मोठ्या यादीत हे नाव नव्हतं. पुढच्याच वर्षी अकरा-दोन, आणि त्यानंतरच्या हंगामात एकही सामना न हरता राष्ट्रीय अजिंक्यपद. आता सगळे म्हणतात, दिसतच होतं की! कुठे दिसत होतं? ते जेम्स मॅडिसनहून आले, तिथे त्यांचे ५२ विजय आणि नऊच पराभव. पण तो कार्यक्रम त्यांच्या आधीही जिंकत होता, नंतरही जिंकतोय. माझ्या कसोटीने तिथे फारसं काही सिद्ध होत नाही. खूण होती त्याआधीच्या एलॉनमध्ये. तिथे आदल्या वर्षी दोन-नऊ होतं, सिग्नेटींनी पहिल्याच वर्षी आठ-चार केलं. त्याच्याही आधी, सेबनच्या हाताखालची अलाबामातली नोकरी सोडून ते पेन्सिल्व्हेनियातल्या एका डिव्हिजन टूच्या, म्हणजे खालच्या श्रेणीतल्या, छोट्या कॉलेजात स्वतःचा संघ चालवायला गेले होते. मोठ्या घरातलं सहायकपण सोडून छोट्या घराची सगळी जबाबदारी घेणारा माणूस. मला असे लोक आवडतात, पण आवडणं म्हणजे पुरावा नव्हे.

तो आपल्याबरोबर कुणाला आणतो, हेही बघायचं. सिग्नेटींबरोबर त्यांचे कोऑर्डिनेटर आले, तेराएक खेळाडूही. उलट ज्याचे सहायक दरवर्षी पळतात, त्याच्या मुलाखतीवर मी विश्वास ठेवत नाही. हे शहाणपण मला महागात मिळालंय. एका विद्यापीठात आम्ही तीन उमेदवारांना भेटलो. एकाचं बोलणं इतकं गोड की समितीतल्या दोघांनी वहीत नोंदी घ्यायचंच सोडलं. त्याच्या आधीच्या चार वर्षांत तीन डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर बदलले होते. मी तो कागद टेबलावर ठेवला, कुणी वाचला नाही, आणि खरं सांगते, मीही फार जोर केला नाही. तिसऱ्या वर्षी त्याच्या बायआउटचा चेक माझ्याच टेबलावरून गेला.

चाहत्यांचं काय, त्यांचं कुणी ऐकतं का, असंही तू शेवटी विचारलंयस. ऐकतात, पण भलत्या वेळी. २६ नोव्हेंबर २०१७ला टेनेसीने ग्रेग शियानो यांना आणायचं जवळजवळ पक्कं केलं. दुपारी बातमी फुटली, लोक कॅम्पसवर जमले, राजकारण्यांनी निवेदनं दिली, संध्याकाळपर्यंत करार मोडला. आठवड्याभरात ॲथलेटिक डायरेक्टरही गेला. मग आलेले जेरेमी प्रुइट जानेवारी २०२१मध्ये रिक्रूटिंगचे (खेळाडू मिळवण्याचे) नियम मोडल्याच्या प्रकरणात काढले गेले. शियानो चांगले ठरले असते का, ते कुणालाच सांगता येणार नाही. पण लोकांचा नकार चालतो, लोकांची निवड चालत नाही, हे मी तेव्हा शिकले. नको कोण, हे गर्दीला एका संध्याकाळी ठरवता येतं.

तुझ्या असिस्टंटशिपबद्दल जरा कडू बोलते. मोठ्या विद्यापीठांत ॲथलेटिक्सचा पैसा बहुधा वेगळ्या गल्ल्यात असतो: टीव्हीचे हक्क, तिकिटं, देणगीदार. बायआउटचा मोठा वाटा देणगीदार उचलतात, बहुतेकदा हप्त्यांनी. त्यामुळे ‘कोचला दिले म्हणून माझे कापले’ असा सरळ धागा सहसा नसतो. तुझी असिस्टंटशिप विभागाचं बजेट, संशोधनाचं अनुदान किंवा राज्याची मदत घटली म्हणून गेली असण्याची शक्यता जास्त. पण आम्ही अगदी धुतल्या तांदळासारखेही नाही. पुष्कळ ॲथलेटिक्स विभागांना विद्यापीठाकडून मदत जाते, आणि मध्यम आकाराच्या विद्यापीठांत तर विद्यार्थ्यांच्या फीतूनच मोठा वाटा येतो. तुझी फीची पावती उघड आणि ‘ॲथलेटिक्स’ किंवा ‘स्टुडंट ॲक्टिव्हिटी’ अशी ओळ शोध. ती असेल तर कोच निवडण्याच्या वादात तुझाही थोडा हक्क आहे, रूममेटांना तसं सांग.

आता तिघांत बरोबर कोण. विद्यापीठ न कळता पक्कं सांगणं म्हणजे नाडी न बघता औषध देणं. तरी विचारलंस म्हणून सांगते. संघात पोरं चांगली असतील आणि फक्त नियोजन बिघडलं असेल, तर तिसऱ्या रूममेटचा कोऑर्डिनेटर, पण बचावासाठी जुना-जाणता सहायक घेऊन येणार असेल तरच. एनएफएलचं नाव मी सगळ्यांत शेवटी ठेवीन. तिथे रिक्रूटिंग नाही, सतरा वर्षांच्या पोराची आई नाही. मात्र खेळाडूंना पगार सुरू झाल्यापासून हे माझं मत पूर्वीइतकं घट्ट राहिलेलं नाही. घरच्या क्वार्टरबॅकला पहिलं वर्ष फुकट मिळतं, लोक प्रेमाने सहन करतात. मिशिगनने आपल्या जुन्या क्वार्टरबॅकला, जिम हार्बॉ यांना, २०२०च्या दोन-चारनंतरही ठेवलं, पगार कापला पण ठेवलं, आणि २०२३ला पंधरा-शून्य होऊन अजिंक्यपद आलं. पण त्याला काढायची वेळ आली तर आपल्याच माणसाला दारातून बाहेर काढताना अख्खं गाव रडतं, हे लिंकनने पाहिलंय. आणि माझा चौथा उमेदवार विचारशील तर छोट्या कॉलेजात दोन ठिकाणी मोडकं घर उभं केलेला, पन्नाशी उलटलेला, टीव्हीवर कंटाळवाणा वाटणारा कुणीतरी. त्याचं नाव तुझ्या टेबलावर कुणी घेतलं नाही, कारण त्याची जर्सी कुणाकडेच नाही.

एक शेवटची सूचना. या दिवसांत रूममेट विमानांचे नंबर शोधत बसतील, अमुक देणगीदाराचं जेट तमुक गावी उतरलं म्हणून. नादी लागू नकोस. आमचा एक उमेदवार भाड्याच्या मिनीव्हॅनने सहा तास गाडी हाकत आला होता, आणि त्याच दिवशी लोक ज्या जेटवर नजर ठेवून होते ते देणगीदाराच्या मुलीला सुट्टीसाठी घरी आणायला गेलं होतं. त्यापेक्षा नवा कोच ठरल्यावर पहिल्या आठवड्यात बघ, स्ट्रेंथ कोच म्हणून कोण येतो. हंगाम नसताना हेड कोचला पोरांबरोबर नियमाने फार थोडा वेळ मिळतो. जानेवारी ते ऑगस्ट वेटरूममध्ये त्यांच्यासोबत असतो तो हाच. त्याचं नाव कळलं की मला लिही, तो आधी कुठे होता आणि तिथून का निघाला ते बघून सांगते.